ज्याचे गणित आधी सुटते

माध्यमिक शाळेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकाचे बहुतेक बळ सूत्र न कळणाऱ्या विद्यार्थ्यांवर खर्च होते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु त्याच वर्गात एखादा मुलगा किंवा एखादी मुलगी अशी असते की फळ्यावरचे उदाहरण लिहून होण्याआधीच तिच्या वहीत उत्तर तयार असते आणि तासिकेचा उरलेला वेळ तिला नुसता बसून काढावा लागतो. अशा विद्यार्थ्यांना शिक्षणशास्त्रात ‘प्रज्ञावंत’ म्हणतात, म्हणजे ज्यांची एखाद्या विषयातील आकलनशक्ती समवयस्कांपेक्षा बरीच पुढे असते असे विद्यार्थी. त्यांच्याकडे लक्ष द्यावे लागत नाही, ते आपले आपण शिकतात, हा समज शाळांमध्ये खोल रुजलेला आहे आणि तो चुकीचा आहे. कारण जे उदाहरण पाहताक्षणी सुटते त्यातून सोडवणारा नवे काहीच शिकत नाही, आणि दहावीपर्यंत कधीच न अडलेला विद्यार्थी अकरावीत पहिल्यांदा अडतो तेव्हा अडल्यावर काय करायचे असते हेच त्याला ठाऊक नसते.

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील उमापूर हे गाव या प्रश्नाचा विचार करण्यासाठी योग्य ठिकाण आहे, कारण महानगरातील शिकवण्या, प्रयोगशाळा आणि ग्रंथालये येथे गृहीत धरता येत नाहीत. तालुक्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते, जायकवाडीचा उजवा कालवा तालुक्यातून पुढे माजलगावकडे जातो, आणि तरीही जिल्ह्याची ओळख ऊसतोड कामगारांचा जिल्हा अशीच आहे. दिवाळीच्या आगेमागे कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या फडांवर जातात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले गावात राहू शकतात, काही आईवडिलांबरोबर जातात, आणि नववीच्या विज्ञानाचा मधला भाग त्यांच्या हातून कायमचा निसटतो. याच तालुक्यात गढी येथे जवाहर नवोदय विद्यालय आहे. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने देशभर रुजवलेल्या या निवासी शाळांत प्रवेशपरीक्षेने सहावीत जास्तीत जास्त ८० मुले घेतली जातात आणि त्यांतील किमान तीन चतुर्थांश जागा ग्रामीण भागासाठी असतात. योजना मोलाची आहे, यात शंका नाही. मात्र दहा-अकरा वर्षांच्या वयात एका दिवशी दिलेल्या परीक्षेत जे मागे राहिले, किंवा त्या दिवशी फडावर होते, त्यांच्यातील प्रज्ञा संपली असे होत नाही. ती मुले गावच्या शाळेतच असतात, आणि त्यांना शिकवण्याची जबाबदारी गावच्या शिक्षकावरच येते.

पहिली अडचण अशा मुलांना ओळखण्याची. परीक्षेतील गुण ही सोयीची खूण असली तरी ती पुरेशी नाही, कारण शाळेची परीक्षा बहुतांशी स्मरण आणि नीटनेटकेपणा मोजते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग असलेल्या आणि १९७४ मध्ये सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने सुरुवातीच्या काळात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसराच्या ग्रामीण शाळांत, आणि पुढे मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर जे काम केले, त्यातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली: अनेक मुलांना विज्ञान अवघड जात नव्हते, पाठ्यपुस्तकाची संस्कृतप्रचुर, घरात कधी न ऐकलेली भाषा अवघड जात होती, आणि तो अडसर काढल्यावर त्यांची कामगिरी स्पष्टपणे सुधारत होती. म्हणून भौतिकशास्त्रातली प्रज्ञा शोधताना उत्तरांपेक्षा प्रश्नांकडे पाहणे अधिक विश्वासार्ह ठरते. ‘घर्षण नसते तर गाडी सुरूच कशी झाली असती?’ असे विचारणारी मुलगी, सूत्रात किंमती घालण्याआधी उत्तर साधारण किती येईल याचा अंदाज बांधणारा मुलगा, पंपाची मोटर सुरू होताना दिवे का मंदावतात हे घरी पाहून शाळेत विचारणारा विद्यार्थी, यांचे गुण पंचावन्न टक्के असले तरी शिक्षकाने त्यांची नोंद ठेवली पाहिजे.

अशा मुलांसाठी काय करावे, याची दोन उत्तरे शिक्षणशास्त्रात जुनी आहेत. एक गतिवर्धन, म्हणजे पुढच्या इयत्तेचा अभ्यास आधी देणे. दुसरे समृद्धीकरण, म्हणजे त्याच विषयात अधिक खोल आणि अधिक रुंद काम देणे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ मध्ये गणितात असाधारण गती असलेल्या मुलांचा जो दीर्घकालीन अभ्यास सुरू केला, त्यातून गतिवर्धनाचे पारडे जड झाले. महाराष्ट्रात मानसशास्त्रज्ञ डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली, तेव्हा बुद्धिमान मुलांच्या बुद्धीला समाजाच्या प्रश्नांशी जोडण्याचा विचार त्यांच्यासमोर होता आणि त्यामुळे तेथील भर समृद्धीकरणाकडे झुकलेला राहिला. प्रबोधिनीचे काम पुढे याच बीड जिल्ह्यात अंबाजोगाईपर्यंत पोहोचले.

भौतिकशास्त्राच्या बाबतीत, आणि विशेषतः ग्रामीण माध्यमिक शाळेत, समृद्धीकरणाचा मार्ग अधिक योग्य ठरतो. गणितात पुढची पायरी मागच्या पायरीवर बऱ्याच अंशी तर्कानेच उभी राहते. भौतिकशास्त्रात मात्र सूत्राच्या मागे पाहिलेले, मोजलेले, हाताळलेले काहीतरी असावे लागते, आणि ते नसताना नववीच्या मुलाला अकरावीचे पुस्तक दिले तर त्याला शब्द आधी मिळतात आणि अर्थ नंतर शोधावा लागतो. मराठवाड्यात याला आणखी एक संदर्भ आहे. शेजारच्या लातूरने सराव परीक्षांच्या शिस्तबद्ध आवर्तनांतून जो ‘लातूर पॅटर्न’ उभा केला त्याने सामान्य घरांतील असंख्य मुलांना वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांपर्यंत नेले, आणि हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच पद्धतीची पातळ आवृत्ती आठवी-नववीत उतरली की हुशार मुलाच्या वाट्याला एकाच प्रकारची दहाऐवजी शंभर उदाहरणे येतात. त्याचा वेग वाढतो, समज तेथेच राहते.

खोल प्रश्न म्हणजे काय, हे विहिरीच्या उदाहरणावरून दाखवता येते. काठावरून दगड सोडून पाण्याचा आवाज किती वेळाने येतो त्यावरून पाणी किती खोल आहे ते काढा, हा प्रश्न दहावीच्या ‘गुरुत्वाकर्षण’ प्रकरणातील मुक्त पतनाच्या सूत्राने एका ओळीत सुटतो: दोन सेकंद लागले, तर गुरुत्व त्वरण ९.८ धरून अंतर १९.६ मीटर. बहुतेक विद्यार्थी येथे थांबतात आणि प्रज्ञावंत विद्यार्थ्यालाही येथेच थांबवले जाते. त्याला पुढे विचारायचे ते असे की त्या दोन सेकंदांत आवाजाला वर येण्यासाठी लागलेला वेळही आहे, तो वजा केला तर काय होईल? ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरून हिशोब केला की खोली साधारण साडेअठरा मीटर येते, म्हणजे फरक सुमारे एक मीटरचा. विद्यार्थी खूश होतो. मग तिसरा प्रश्न: घड्याळाची कळ दाबायला बोटाला जो उशीर होतो तो किती? माणसाचा प्रतिसादकाल साधारण सेकंदाच्या पाचव्या भागाइतका असतो, आणि दगड पाण्यावर आदळताना त्याचा वेग सेकंदाला जवळजवळ वीस मीटर असल्याने तेवढ्या वेळेची चूक म्हणजे खोलीत चार मीटरपर्यंतची चूक. ज्या दुरुस्तीसाठी वर्गसमीकरण सोडवले ती दुरुस्ती हाताच्या चुकीत बुडून गेली.

यावर एखादा विद्यार्थी निराश होईल, तर एखादा विचारेल की मग वेळ अधिक चांगला कसा मोजायचा. घरातला साधा मोबाईल सेकंदाला ३० चित्रे टिपतो. दगड सुटताना आणि पाणी उडताना दोन्ही दिसतील किंवा ऐकू येतील असे चित्रण केले, तर वेळेतील चूक सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत आणि खोलीतील चूक पाऊण मीटरच्या आत येते, आणि आता मात्र ध्वनीची ती एक मीटरची दुरुस्ती पुन्हा अर्थपूर्ण होते. कोणती दुरुस्ती करायची आणि कोणती सोडून द्यायची हे सूत्र ठरवत नाही, मोजण्याचे साधन ठरवते, ही गोष्ट पदवीच्या अभ्यासक्रमातही अनेकांना उशिरा कळते. ती नववी-दहावीच्या मुलाला एका विहिरीवर कळू शकते. (काठावर शिक्षक किंवा घरचे मोठे माणूस हवे, हे वेगळे सांगायला नको.) दोरी सोडून खोली प्रत्यक्ष मोजता येत असल्याने बरोबर-चूक ठरवायला उत्तरसूचीचीही गरज उरत नाही. याच धाग्यावर लंबकाचा नेहमीचा प्रयोग नव्याने देता येतो: दहा दोलनांचा एकत्रित वेळ घेतला की बोटाची चूक दहा दोलनांत विभागली जाते, आणि मग एक मीटर लांबीच्या लंबकाला साठ अंशांपासून सोडले, तर आवर्तकाल पुस्तकातील सूत्रापेक्षा सुमारे सात टक्क्यांनी जास्त भरतो हे साध्या घड्याळानेही पकडता येते. ‘कोन लहान असल्यास’ हे सूत्राशेजारचे तीन शब्द विद्यार्थी तेव्हा पहिल्यांदा वाचतो.

संकल्पनेची खोली तपासण्यासाठी या भागाला ऊसतोडीइतके समर्पक उदाहरण दुसरे नाही. नववीच्या ‘कार्य आणि ऊर्जा’ या प्रकरणात कार्य म्हणजे बल आणि बलाच्या दिशेने झालेले विस्थापन यांचा गुणाकार. एक टन ऊस जमिनीपासून सरासरी दोन मीटर वर ट्रकमध्ये चढवला, तर गुरुत्वाविरुद्ध झालेले कार्य १९,६०० ज्यूल, म्हणजे अवघ्या पावणेपाच किलोकॅलरी इतके भरते. स्नायूंची कार्यक्षमता वीस-पंचवीस टक्के मानली, म्हणजे अन्नातील ऊर्जेचा फक्त तेवढाच वाटा प्रत्यक्ष कार्यात येतो असे धरले, तरी सुमारे वीस किलोकॅलरी लागतात; आणि एका ग्रॅम साखरेतून चार किलोकॅलरी मिळत असल्याने ही ऊर्जा एक छोटा चमचा साखरेत आहे. हिशोब बरोबर आहे. मग एक ‘कोयता’, म्हणजे मुकादमाच्या हिशोबातले एक जोडपे, मोळ्या वाहून संध्याकाळी इतके थकते कशाने?

या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नाही, पण ते काढण्याची सगळी सामग्री पुस्तकात आहे. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढणारा माणूस मोळीबरोबर स्वतःचे वजनही उचलतो. मोळी ३० किलोची आणि माणूस ५० किलोचा असेल, तर कार्य मोळीच्या हिशोबापेक्षा अडीचपटीहून अधिक होते. उतरताना ती ऊर्जा परत मिळत नाही, उलट शरीराला आवरत उतरावे लागते. सपाट जमिनीवर ओझे नेताना पुस्तकाच्या व्याख्येप्रमाणे गुरुत्वाविरुद्धचे कार्य शून्य असते, पण स्नायूंतील तंतू आखडणे-सैलावणे अखंड चालू ठेवत असतात आणि त्यासाठी ऊर्जा खर्च होऊन उष्णता बनते. नुसते ओझे धरून उभे राहिल्यावरही थकवा येतो तो याचमुळे. शिवाय ऊस तोडणे, वाकणे, पाला सोलणे, मोळी बांधणे यांतले काहीच त्या १९,६०० ज्यूलमध्ये धरलेले नाही. भौतिकशास्त्रातील ‘कार्य’ आणि माणसाचे कष्ट या दोन राशी वेगळ्या आहेत आणि पहिली मोजून दुसरीचा अंदाज येत नाही, हा निष्कर्ष ज्या मुलाने फड पाहिला आहे त्याला शहरातल्या मुलापेक्षा लवकर सापडण्याची शक्यता आहे. मात्र शिक्षकाने येथे जपून वागले पाहिजे: कोणाच्या घरचे लोक ऊस तोडायला जातात हे वर्गात उघड विचारून त्या मुलाला उदाहरण बनवणे हा शिकवण्याचा प्रकार नव्हे.

सगळेच खोल प्रश्न गावच्या अनुभवातून यावेत असा आग्रहही चुकीचा आहे. खेड्यातल्या प्रज्ञावंत मुलाला विहिरी आणि बैलगाड्यांपुरतेच ठेवणे हा एक वेगळा अन्याय ठरेल. दहावीच्या पुस्तकात केप्लरचा तिसरा नियम आहे: ग्रहाच्या आवर्तकालाचा वर्ग त्याच्या सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या घनाला समानुपाती असतो. पृथ्वी कक्षेत अचानक थांबली, तर ती सूर्यात जाऊन पडायला किती दिवस लागतील, हा प्रश्न या नियमाने सुटतो, असे सांगितल्यावर बहुतेक पदवीधरही क्षणभर गोंधळतात, कारण पडताना बल सतत बदलत असते आणि मुक्त पतनाचे सूत्र तेथे चालत नाही. युक्ती अशी की सरळ रेषेत पडणे हीसुद्धा एक कक्षाच मानायची, इतकी चपटी झालेली लंबवर्तुळाकार कक्षा की तिचे एक टोक सूर्यापाशी आणि दुसरे पृथ्वीच्या आजच्या जागी. या कक्षेचे सरासरी अंतर आजच्या निम्मे. निम्म्याचा घन एक अष्टमांश. त्याचे वर्गमूळ सुमारे ०.३५४, म्हणून पूर्ण फेरी सुमारे १२९ दिवसांची आणि पडणे म्हणजे अर्धी फेरी, साडेचौसष्ट दिवसांची. एकही नवे सूत्र न शिकवता, केवळ शिकलेला नियम त्याच्या टोकापर्यंत ताणून, विद्यार्थी अशा उत्तरापर्यंत पोहोचतो. पुढच्या इयत्तेचे पुस्तक देण्यापेक्षा हे काम अवघड आहे, आणि शिक्षकाकडून ते अधिक तयारी मागते.

आता वर्गाचा प्रश्न. पन्नास-साठ मुलांच्या तासिकेत एका-दोघांसाठी वेगळा धडा घेता येत नाही, आणि त्यावर शाळांनी शोधलेला सोपा उपाय म्हणजे हुशार मुलाला मागे पडलेल्यांना शिकवायला बसवणे. आठवड्यातून एकदा यात गैर काही नाही, कारण समजावताना स्वतःची समज पक्की होते. पण रोजच तसे केले तर ती त्या मुलाची आणि ज्यांना शिक्षक मिळायला हवा होता त्यांचीही फसवणूक आहे. याहून चांगली रीत हार्वर्ड विद्यापीठातील एरिक माझूर यांनी १९९१ च्या सुमारास रूढ केली, ती सहाध्यायी-संवादाची. शिक्षक हिशोब न लागणारा एक संकल्पनात्मक प्रश्न विचारतो, प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर ठरवायचे, मग वेगळे उत्तर देणाऱ्या शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि शेवटी पुन्हा उत्तर द्यायचे. उसाने भरलेला ट्रॅक्टर आणि मोटरसायकल यांची टक्कर झाली, तर कोणावर अधिक बल लागते? न्यूटनचा तिसरा नियम तोंडपाठ असलेले, पूर्ण गुण मिळवणारे विद्यार्थीसुद्धा ‘मोटरसायकलवर’ असे उत्तर देतात. बल दोन्हींवर सारखेच असते, त्वरण मात्र हलक्या वाहनाला जास्त मिळते. अशा प्रश्नांची प्रमाणित चाचणी अमेरिकेत १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि उदाहरणे सफाईने सोडवणाऱ्यांच्या मनातही नियमांबद्दल मूलभूत गैरसमज असतात हे तिने जगभर उघड केले. हुशार मुलाला या पद्धतीत दुहेरी लाभ होतो: तो चुकू शकतो, आणि ज्याला कमी गुण मिळतात असा शेजारी बरोबर असू शकतो.

आव्हानाची सर्वोच्च पातळी पाहायची असेल तर आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाडकडे पाहावे लागते. १९६७ मध्ये वॉर्सा येथे सुरू झालेल्या या स्पर्धेत भारत १९९८ पासून भाग घेतो, देशाच्या चमूची निवड आणि तयारी मुंबईत मानखुर्द येथील होमी भाभा केंद्रात होते, आणि पहिली चाळणी भारतीय भौतिकशास्त्र शिक्षक संघटनेच्या परीक्षेची असते. २०१५ मध्ये ही स्पर्धा मुंबईतच भरली. त्या वेळच्या एका प्रायोगिक प्रश्नात बारीक स्प्रिंगवर लेसरचा झोत टाकून पडद्यावर उमटणाऱ्या आकृतीवरून स्प्रिंगची मापे काढायची होती. डीएनएचा सर्पिल आकार क्ष-किरणांनी कसा उलगडला याचीच ती टेबलावरची प्रतिकृती होती. स्पर्धेच्या ५० गुणांपैकी २० गुण प्रयोगाचे असतात आणि प्रयोगासाठी वेगळे पाच तास दिले जातात. आपल्या दहावीच्या विज्ञानात १०० पैकी २० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत, आणि ते कसे दिले जातात हे शाळांना माहीत आहे.

पदकांसाठी प्रत्येक शाळेने धावावे असा याचा अर्थ नाही; चमूत जागा पाचच असतात. उपयोगाची आहे ती प्रश्नांची घडण, आणि जुन्या प्रश्नपत्रिका होमी भाभा केंद्राच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. नववी-दहावीसाठी कनिष्ठ विज्ञान ऑलिंपियाडची वेगळी चाळणी परीक्षा आहे. मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीसाठी असते, ती मराठीतूनही देता येते आणि तिच्या पुढच्या फेऱ्यांत प्रात्यक्षिक व कृतिप्रकल्पालाही स्थान आहे. उमापूरसारख्या गावात या परीक्षांचे अर्ज वेळेवर पोहोचणे हेच पुष्कळदा अडते, आणि त्यासाठी प्रज्ञेची नव्हे, मुख्याध्यापकांच्या सहीची आणि थोड्या प्रवासखर्चाची गरज असते.

शेवटी शिक्षकाविषयी. या सर्व पद्धतींत असे प्रश्न येणारच की ज्यांचे उत्तर शिक्षकाला त्या क्षणी येत नाही, आणि बी. एस्सी., बी. एड. करून गणित-विज्ञानाच्या आठवड्याभराच्या तासिका, शिवाय निवडणुकीची व सर्वेक्षणाची कामे सांभाळणाऱ्या शिक्षकाला याची धास्ती वाटणे समजण्यासारखे आहे. प्रश्न वहीत टिपून घेऊन ‘बघू, मलाही शोधावे लागेल’ असे सांगणाऱ्या शिक्षकाचा मान वर्गात कमी होत नाही. कमी होतो तो ‘हे परीक्षेला नाही’ असे म्हणून प्रश्न मिटवणाऱ्याचा. म्हणून माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांना एवढीच विनंती करता येईल की विज्ञानाच्या शिक्षकाला आठवड्यातली एक तासिका अभ्यासक्रमातून मोकळी द्यावी, ती कोणत्याही अन्य कामासाठी काढून घेऊ नये, आणि त्या तासिकेत काय ‘पूर्ण झाले’ हे विचारू नये.